एकशे वीस पानांचा हिशेब

जुन्या गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, डबा उघडला की नजर आधी राजाच्या पानावर जाते. मखरातला राम, गाईसोबतचा कृष्ण, घोड्याजवळचा कल्की. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो राजे वर काढून ठेवतो. संग्रह करणाऱ्याने मात्र ते बाजूला सारून आधी सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या मागाव्यात. दशावतारी गंजिफांच्या पूर्ण संचात १२० पानं असतात आणि त्यांत राजा आणि प्रधान यांची मिळून फक्त वीस. उरलेली शंभर पानं साधी अंकांची. संच खरोखर जुना आहे का, एकाच हाताने रंगवला आहे का, कधी खेळला गेला आहे का, हे सगळं ही शंभर पानंच सांगतात. राजा दिखाऊ असतो, सत्तीला दिखाव्याचं कारणच नसतं.

जुन्या पत्त्यांचा संग्रह करणारे जगभर आहेत. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन पत्त्यांच्या कारखानदारांची नावं, करांचे शिक्के, छापखान्यांचे सन यांवर त्यांच्याकडे भरपूर लिहून ठेवलेलं आहे. गंजिफांचं तसं नाही. पानावर नाव नसतं, साल नसतं, गावही नसतं. जे काही कळतं ते वस्तूकडूनच काढून घ्यावं लागतं. त्यामुळे गंजिफा जमवणाऱ्याला चित्रकलेची थोडी, रसायनाची थोडी आणि खेळाची बरीच जाण हवी. खेळाची जाण मी मुद्दाम सर्वांत वर ठेवतो, कारण नेमकी तीच बहुतेक संग्राहकांकडे नसते.

इतिहास थोडक्यात. हा खेळ इराणी मुलखातून मुघलांबरोबर आपल्याकडे रुजला. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या (रंग म्हणजे पत्त्यांतल्या इस्पिक-बदामसारखे गट), १४४ पानांच्या संचाचं वर्णन अबुल फझलने केलं आहे: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी त्या रंगांची नावं. सर्वत्र पसरला तो मात्र आठ रंगांचा, ९६ पानांचा मुघली संच. आपल्याकडे त्याला चंगकांचनी म्हणतात. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे त्याचे आठ रंग. याच सांगाड्यावर दहा अवतार बसवून दशावतारी गंजिफा तयार झाली. ती ओडिशात, बंगालमधल्या बिष्णुपूरला, आंध्र-तेलंगणात, कर्नाटकात आणि आपल्या सावंतवाडीत आपापल्या वळणाने वाढली. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांनी तर एकोणिसाव्या शतकात १८ रंगांचा, ३६० पानांचा खेळ रचला. तो किती जणांनी खेळला असेल कोण जाणे, पण त्याची पानं फार देखणी आहेत.

सावंतवाडीत खेम सावंत तिसरे यांच्या काळात, म्हणजे १७५५ ते १८०३ या राजवटीत, ही कला दरबाराच्या आश्रयाने बहरली. रंगवणारे चितारी. लाकडी खेळणी, पाट, पाळणे रंगवणारा आणि गंजिफा रंगवणारा हात एकच. छापील विलायती पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर मागणी आटली. १९७० च्या सुमारास सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी लक्ष घातलं तेव्हा गंजिफा करणं जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडून स्वतः शिकल्या आणि राजवाड्यातच काम सुरू झालं. ते आजही चालू आहे. सावंतवाडीच्या गंजिफांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. संग्राहकाच्या दृष्टीने या इतिहासाला एक व्यावहारिक अंग आहे. सावंतवाडीचा म्हणून समोर येणारा संच एक तर जुन्या चिताऱ्यांचा असतो, नाही तर १९७० नंतरच्या पुनरुज्जीवनातला. दोन्हींना आपापली किंमत आहे. गडबड होते ती दुसऱ्याला पहिला म्हणून विकलं जातं तेव्हा.

आता खेळ, कारण पानाची घडण खेळातूनच आली आहे. दशावतारी खेळाला तीन भिडू. प्रत्येकाला चाळीस पानं. चंगकांचनीत बत्तीस. गोल पानं पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, म्हणून जमिनीवर पांढरी चादर अंथरून तिच्यावर ती पालथी कालवतात. वाटप आणि खेळ दोन्ही उजव्या हाताने, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरतात. पत्त्यांतल्यासारखा तुरूप नाही. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाच्या राजाची. चंगकांचनीत दिवसा सुर्ख म्हणजे सोन्याची मोहोर आणि रात्री सफेद म्हणजे चांदीचं नाणं, सूर्य आणि चंद्राच्या हिशेबाने. राजा सगळ्यांत वर आणि त्याखाली प्रधान, हे सर्व रंगांत कायम. पण अंकांची पानं निम्म्या रंगांत दश्शीपासून एक्क्यापर्यंत उतरतात आणि उरलेल्या निम्म्यांत उलटी, म्हणजे प्रधानाखाली थेट एक्का आणि दश्शी सर्वांत हलकी. मुघली संचात ताज, सफेद, शमशेर, गुलाम हे सुलटे आणि चंग, सुर्ख, बरात, किमाश हे उलटे. एखाद्या रंगातलं वरचं पान पडून गेलं की उरलेल्यांतलं सर्वांत मोठं ते हुकमी, म्हणजे हमखास जिंकणारं. म्हणजे कुठल्या रंगातलं काय पडून गेलं हे डोक्यात ठेवणं, हाच या खेळाचा गाभा.

चाळीस गोल पानं एका हातात धरली तर प्रत्येकाची जेमतेम एक कोर दिसते. म्हणून प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमी, वेगळी असते: एक पिवळी, एक तांबडी, एक हिरवी, एक काळी. भिडू चिन्ह बघत नाही, आधी जमिनीचा रंग बघतो. म्हणून जुन्या संचात जमिनीच्या रंगाची शिस्त कडक असते. एकाच अवताराच्या बारा पानांत दोन पानांची जमीन वेगळ्या छटेची निघाली तर ती दोन पानं नंतरची किंवा दुसऱ्या संचातली असण्याची शक्यता मोठी. खेळणाऱ्याला अशी छटा चालली नसती, कारण प्रतिस्पर्ध्याला ते पान दुरून ओळखू आलं असतं. पालथ्या बाजूचंही तेच. तिथे नक्षी नसते, एकाच रंगाचा सपाट लाखी लेप असतो, आणि सगळ्या १२० पानांवर तो एकसारखाच हवा. संच तपासताना म्हणूनच सगळी पानं आधी पालथी मांडावीत. सुलट बाजूचं चित्र डोळ्याला भुलवतं, पाठ भुलवत नाही.

तपासणीची एक पद्धत सांगतो. ती रटाळ आहे, पण तिला पर्याय नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, मलम किंवा क्रीम लावू नका. टेबलावर खळ नसलेलं धुतलेलं सुती कापड पसरा. डब्यात पानं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने आधी छायाचित्रं घ्या, कारण तो क्रम एकदा मोडला की परत येत नाही आणि कधी कधी शेवटच्या खेळणाऱ्याने लावलेला असतो. मग जमिनीच्या रंगाप्रमाणे दहा गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्यात चिन्हं मोजत एक्का ते दश्शी, वर प्रधान आणि राजा. पानावर अंक छापलेला नसतो, मासे किंवा कासवं मोजावी लागतात. दहा ओळी आणि बारा रकान्यांचा कागद आखून प्रत्येक घरात खूण करा. जिथे घर रिकामं राहतं ते हरवलेलं पान, जिथे दोन खुणा पडतात तिथे दोन संचांची सरमिसळ.

चिन्हं ओळखताना एक सावधगिरी हवी. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू यांवर वाद नाही. पण वराह, नरसिंह, कृष्ण, बुद्ध यांची चिन्हं प्रांतागणिक बदलतात. शंख एका ठिकाणी एका अवताराचा, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याचा. नववा अवतार ओडिशाच्या संचात जगन्नाथ म्हणून येतो. म्हणून एका गावच्या तक्त्यावरून दुसऱ्या गावचा संच लावायचा नाही. त्याच संचातला राजा बघायचा, त्याच्या जमिनीचा रंग बघायचा आणि चिन्ह त्यावरून जुळवायचं.

नंतर मोजमाप. व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक पानाचा व्यास दोन दिशांनी घ्या, कारण हाताने कापलेलं पान काटेकोर गोल नसतं. जाडी घ्या. शक्य असेल तर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजनही. १२० पानांचे आकडे एका तक्त्यात उतरवले की उपरं पान आपोआप उठून दिसतं. डोळ्याला हुबेहूब वाटणारं बदली पान जाडीत किंवा वजनात हमखास पकडलं जातं, कारण नंतरच्या कारागिराकडे तोच कागद, तीच खळ आणि तितकेच थर नसतात.

थर म्हणजे काय ते सांगायला हवं. पारंपरिक पान जुन्या सुती कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून होतं. चिंचोक्याची साल काढून, ते वाटून पाण्यात शिजवले की घट्ट, चिवट खळ होते. थर वाळले की वर खडूसारख्या पांढऱ्या मातीचा आणि खळीचा लेप, मग गुळगुळीत दगडाने घोटाई, मग गोल कापणं. त्यावर जमिनीचा रंग, त्यावर आकृती, शेवटी बारीक कुंचल्याने रेघ आणि सगळ्यावर लाखेचा हात. यातली घोटाई कच्ची राहिली की लेप आणि थर एकजीव होत नाहीत आणि पन्नास वर्षांनी रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. लाख जाड लागली तर पान चमकतं, पण उन्हाळ्यात दुसऱ्याला चिकटतं. जुन्या पानांतले बहुतेक दोष असे घडणीच्या वेळीच पेरलेले असतात.

दहापट भिंग घेऊन पानाची कड बघा. कापडाचे धागे दिसतात की कागदाचे लांब तंतू, की यंत्राने केलेल्या पुठ्ठ्याचा भुरभुरीत, एकजिनसी कणा? पुठ्ठा दिसला तर जुनेपणाचा दावा तिथेच डळमळतो. मग चित्रावर या. छापील पानात भिंगाखाली ठिपक्यांची जाळी किंवा सलग सपाट शाई दिसते. हाताच्या कामात कुंचला कुठे टेकला, कुठे उचलला, रंग कुठे दाट साचला हे दिसतं. आणि इथे ती शंभर अंकपानं कामी येतात. एका रंगात एक ते दहा मिळून ५५ चिन्हं, दहा रंगांत ५५०. म्हणजे एका संचासाठी चिताऱ्याने ५५ मासे काढले, ५५ कासवं काढली. पहिला मासा तो जपून काढतो, पण पन्नासाव्या माशाला हात सवयीने चालतो, आणि सवयीची रेघ लपत नाही. शेपटीला दोन फटकारे की तीन, डोळ्याचा ठिपका आधी की नंतर, खवल्यांची वळणं कुठून सुरू होतात, हे सगळं त्या हाताचं अक्षर असतं. दोन संच एकाच घरातले का हे ठरवायचं तर राजांची तुलना करू नका. दोघांच्या दश्श्या शेजारी ठेवा.

अतिनील टॉर्च हे स्वस्त आणि फार उपयोगी साधन, ३६५ नॅनोमीटरचा घ्यावा. अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी चमकतात. पान कडेने असं चमकलं तर ते शतकभर जुनं नाही. मात्र एखाद-दुसरा ठिपकाच चमकत असेल तर घाईने निकाल देऊ नका, कपडे धुण्याच्या पावडरीतही हीच रसायनं असतात आणि धुतलेल्या फडक्यातून ती पानाला लागू शकतात. जुनी लाख नारिंगी झाक देते. जस्ताचा पांढरा पिवळट हिरवा उजळतो, आणि तो रंगकामात सर्रास आला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. टायटॅनियमचा पांढरा १९२० नंतरचा, तो या प्रकाशात काळपट राहतो. पण मूळ पानावर नंतर कुणी डागडुजी केलेली असू शकते, म्हणून नवा रंग एका जागी सापडला तर तो सगळ्या संचात आहे का ते बघायचं, मगच बोलायचं.

जुन्या रंगांत हरताळ आहे, हिंगूळ आहे, शिसं असलेला सफेदा आहे. म्हणजे आर्सेनिक, पारा आणि शिसं. पान नुसतं हाताळल्याने अपाय होत नाही, पण रंग सुटत असेल तर हातमोजे घाला, पानावर फुंकर मारू नका, शेजारी खाणंपिणं ठेवू नका आणि नंतर हात धुवा. सफेदा काळवंडलेला दिसला तर तो मळ समजून पुसू नये. हवेतल्या गंधकाने शिशाचा पांढरा काळा पडतो, आणि पुसल्याने तो पांढरा होत नाही, फक्त निघून जातो.

बनावट संचांत दोन तऱ्हा नेहमीच्या. एक, चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला. त्याचा डाग सगळीकडे सारखा असतो, अगदी लाखेच्या खालीसुद्धा. खऱ्या वापराचा मळ लाखेच्या वर आणि तडांच्या आत बसतो. गोल पानाला कोपरे नसल्यामुळे झीज परिघाला लागते आणि मध्याकडे कमी होत जाते. मधोमध खरवडलेलं आणि कडेला धडधाकट पान संशयास्पद. दुसरी तऱ्हा जास्त फसवी: जुन्या वहीखात्याच्या किंवा स्टॅम्प पेपरच्या कागदावर आज रंगवलेली पानं. कागद खरोखर शंभर वर्षांचा असतो आणि विकणारा तोच पुरावा म्हणून दाखवतो. कागदाचं वय म्हणजे पानाचं वय नव्हे. भिंगाखाली बघा, घड्यांच्या आणि भोकांच्या आत नवा रंग शिरलेला दिसेल. खऱ्या जुन्या पानात घडी रंगानंतर पडलेली असते, त्यामुळे रंग घडीवर तुटतो.

दरबारी कलम आणि बाजार कलम असा एक भेद सगळे सांगतात. पहिल्यात कडेला नक्षीची पट्टी, बारीक काम, सोन्याचा वापर. दुसऱ्यात पट्टी नाही, रेघ भरभर, रंग मोजके. बाजारात पहिल्याची किंमत अर्थातच जास्त. मला मात्र बाजार कलमाचा पूर्ण संच अधिक मोलाचा वाटतो आणि त्याला कारण आहे. दरबारी संच डब्यात राहिले, भेट म्हणून दिले गेले, संग्रहालयांत पोचले. बाजारचे संच खेळून खेळून संपले. पानं हरवली, तुटली, उरलेली मुलांच्या हाती गेली, वाळवीच्या तोंडी गेली. माणसं रोज काय खेळत होती याचा पुरावा त्या साध्या संचातच आहे, आणि त्याला मागणी नसल्यामुळे तो टिकवायला कुणी धडपडत नाही. जुन्या घरातल्या माळ्यावर असा साधा, मळका, पंधरा पानं कमी असलेला डबा निघाला तर तो सोडू नका.

तो कुठल्या घरातला, कुठल्या गावचा, कोण खेळायचं, डाव घरी बसायचा की देवळात, हे देणाऱ्याकडून त्याच वेळी विचारून लिहून घ्या. पानं नंतरही मोजता येतात, सांगणारं माणूस नंतर भेटेलच असं नाही. सिंधुदुर्ग, गोवा, बेळगाव, कोल्हापूर या पट्ट्यातल्या संचांची वळणं इतकी जवळची असतात की घराण्याची माहिती नसेल तर ‘सावंतवाडी’ एवढं ठामपणे लिहिणंही जोखमीचं.

कायद्याकडे काणाडोळा करणारे फार आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावाला किंवा मुलीला घरचा संच भेट म्हणून पाठवणं हेही त्यातच आलं. नवी पानं न्यायची असतील आणि ती जुनी दिसत असतील तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावा. हस्तिदंताच्या आणि कासवाच्या पाठीच्या गंजिफा असतात, फार नाजूक आणि सुंदर. त्यांची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे, वस्तूचं वय कितीही असो. त्या बघायच्या असतील तर संग्रहालयात बघाव्यात. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियम हाताशी आहेत, आणि त्यांच्या संग्रहातल्या बऱ्याच गंजिफांची चित्रं घरबसल्याही बघता येतात. १९८२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये भारतीय गंजिफांचं प्रदर्शन भरलं होतं, त्यामागे रुडॉल्फ फॉन लायडन यांचा अभ्यास होता. हे जर्मन गृहस्थ मुंबईत कलासमीक्षक होते आणि गंजिफांचा पद्धतशीर संग्रह व वर्गीकरण करणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी घ्यावं लागतं.

जतन हा सर्वांत जास्त नुकसानीचा विषय आहे, आणि नुकसान बहुतेक वेळा प्रेमापोटी होतं. पान पुसू नका. पाण्याने चिंचोक्याची खळ फुगते, डिंकात कालवलेला रंग सुटतो. स्पिरिटने तर लाखच विरघळते. हाताला लावलेलं सॅनिटायझर वाळायच्या आत पान धरलं तरी बोटाचा ठसा कायमचा उमटतो. धूळ काढायची तर अगदी मऊ, कोरड्या कुंचल्याने, रंग पक्का आहे हे भिंगातून पाहून मगच. कडेला बसलेला बोटांचा काळसर मळ तसाच राहू द्या. खेळाचा सर्वांत थेट पुरावा तोच आहे.

रबरबँड, चिकटपट्टी आणि पीव्हीसीचे पाऊच वर्ज्य. पीव्हीसीतून निघणारं तेलकट द्रव्य लाखेला चिकट करतं. डांबरगोळ्यांचा वाफारा लाखेला आणि रंगाला बरा नाही, तोही नको. बारा बारा पानांचा गठ्ठा, दोन पानांमध्ये सिलिकॉनचा लेप असलेला कागद, बाहेरून आम्लविरहित कागद. मूळ लाकडी डबा असेल तर तो शेजारी ठेवा, पानं त्यात ठेवू नका. लाकूड आम्ल सोडतं, आणि सरकत्या झाकणाचा डबा वरच्या पानाची लाख दर वेळी खरवडतो.

कोकणातला पावसाळा हा खरा शत्रू. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राखायची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती वरखाली होऊ द्यायची नाही. झाकण घट्ट बसणारा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. दहा लिटरच्या डब्याला सुमारे २०० ग्रॅम. पण भट्टीतून काढलेलं कोरडं जेल एकदम इतकं घालू नका. ते आर्द्रता तीसच्या खाली खेचतं, थर आकसतात, रंगाला तडा जातो. पन्नास टक्क्यांवर आणलेलं जेल मिळालं तर उत्तम, नाहीतर थोडं थोडं घालत काटा बघायचा आणि पंचेचाळीसच्या खाली गेला की काढून घ्यायचं. जून ते सप्टेंबर डबा शक्यतो उघडूच नये.

पान वाटीसारखं वाकलं तर इस्त्री किंवा वजन ठेवून सरळ करायला जाऊ नका. एका बाजूला लाख जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, त्यामुळे दमट हवेत दोन बाजू सारख्या फुगत नाहीत. योग्य आर्द्रतेत काही आठवडे ठेवल्यावर बराचसा बाक आपोआप उतरतो. दोन पानं चिकटली असतील तर सुरी, पट्टी, वाफ यांतलं काहीही वापरू नये. थंड, कोरड्या जागी चार-सहा दिवस ठेवून बघा. सुटली नाहीत तर तशीच जोडीने संवर्धकाकडे न्या. ओढून वेगळी केली की एका पानाची मूर्ती दुसऱ्याच्या पाठीवर जाते. आणि नवा संच घरात आला की तो जुन्यांत लगेच मिसळायचा नाही. चिंचोक्याची खळ आणि लेप हे कसरीचं आणि किड्यांचं खाद्यच, म्हणून पारदर्शक पिशवीत बंद करून महिनाभर वेगळा ठेवायचा आणि तळाशी भुकटी पडते का ते बघत राहायचं.

आता ज्याचा मला खरोखर राग येतो त्याबद्दल. संच फोडून राजांची दहा पानं चौकटीत घालून विकण्याची पद्धत सध्या बोकाळली आहे. दहा राजे भिंतीवर जातात, दहा प्रधान आणखी कुणाकडे, आणि अंकांची शंभर पानं मातीमोलाने, कधी दागिन्यांत बसवायला. एकदा असा फुटलेला संच पुन्हा जुळत नाही. चौकटीतला राजा काचेला चिकटतो, उजेडाने फिकुटतो आणि त्याच्या रंगाची बाकीची अकरा पानं कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं. सुटं पान विकत घेणं म्हणजे पुढचा संच फोडायला पैसे देणं. अपवाद एकच: संच आधीच विखुरलेला असेल आणि आपण त्याचीच पानं गोळा करत असू. तेव्हा व्यास, जाडी, पाठीचा रंग आणि हाताचं वळण या चारही गोष्टी जुळल्याशिवाय ‘त्याच संचातलं’ असं लिहू नये.

भिंतीसाठी किंवा खेळण्यासाठी हव्या असतील तर सावंतवाडीहून नव्या गंजिफा घ्याव्यात. तीन भिडू जमवून त्यांवर डाव मांडावा. दोन-चार डावांत उलट्या रंगांची गंमत अंगवळणी पडते, जमिनीच्या रंगावरून पान ओळखता येऊ लागतं, आणि मग जुना संच हातात घेतल्यावर कुठलं पान कशामुळे खटकतं हे तपासणीच्या तक्त्याआधीच जाणवतं. जुन्या संचावर मात्र खेळू नये.

राहता राहिलं हरवलेलं पान. खेळणाऱ्या घरात एखादं पान हरवलं तर चिताऱ्याकडून तेवढंच करून घेत. त्यामुळे एकाच संचात पन्नास-साठ वर्षांच्या अंतराची पानं सापडतात. असं बदली पान ‘मूळ नाही’ म्हणून काढून टाकणारे संग्राहक आहेत. त्यांनी तसं करू नये. हा संच एवढी वर्षं खेळात होता आणि कुणाला तरी तो पुरा हवा होता, याची नोंद ते पान ठेवतं. तक्त्यात त्याच्या घरात वेगळी खूण करा, व्यास-जाडी लिहा आणि ते आपल्या जागीच राहू द्या. आज नवं पान करून घेऊन रिकामं घर भरायचं असेल तर कारागिराचं नाव आणि साल त्या पानाच्या वेष्टनावर पेन्सिलीने लिहा, पानाच्या पाठीवर नको. आणि ते वेगळ्या पाकिटात ठेवा, म्हणजे उद्या डबा दुसऱ्याच्या हाती गेला तरी जुनी किती आणि नवी किती हे त्याला मोजता येईल.